सदनिका-गुंतवणूक

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर दरमहा भाडे मिळावे आणि पुढे वाढलेल्या किमतीला विकता यावी म्हणून घेतलेली सदनिका व तिच्याभोवतीचा सारा व्यवहार. महाराष्ट्रात हा व्यवहार करणाऱ्यांत पगारदार, निवृत्त आणि परदेशी नोकरी करणारी मंडळी पुष्कळ आहेत. राहते घर झाले, मुलांची शिक्षणे मार्गी लागली, की बोलणे ‘दुसऱ्या फ्लॅट’वर येते. राहत्या घराची निवड करताना मन कौल देते आणि ते योग्यच आहे. दुसरे घर मात्र व्यवसाय म्हणून तपासावे लागते. ही नोंद अशा नव्या गुंतवणूकदारासाठी आहे.

पूर्वपीठिका : भाड्याच्या उत्पन्नासाठी घरे बांधणे हा मुंबईचा जुना धंदा, गिरगाव आणि गिरणगावातल्या कित्येक चाळी त्यातूनच उभ्या राहिल्या. त्याला खीळ बसली ती भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार धरली. भाडे तिथेच थिजले, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत राहिला. मालकाचा इमारतीतला रस संपला आणि भाडेकरू बदलताना हातात पडणारी पागडी हीच त्याची खरी कमाई उरली. नियंत्रण चुकवण्यासाठी काही मालक भाडेकरार टाळून ‘परवान्या’वर जागा देऊ लागले. त्यावर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मुंबईतल्या मध्यमवर्गीय मालकाच्या मनात ‘भाडेकरू ठेवला की जागा गेली’ ही धास्ती बसली ती यातून. कुलूप लावून वर्षानुवर्षे रिकामी ठेवलेली घरे या धास्तीची साक्ष देतात.

ती धास्ती आज बाळगण्याचे कारण नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि जादा राहिलेल्या काळासाठी परवानाशुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. त्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. करार अकरा महिन्यांचाच करायचा ही निव्वळ सवय आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या देशभरच्या समजुतीतून ती आली, पण महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी चुकत नाही. चांगले कुटुंब मिळाले असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करून त्यातच वार्षिक वाढ लिहावी. घर रिकामे राहत नाही, दलाली वाचते आणि त्या कुटुंबाच्या मुलांची शाळा दरवर्षी बदलत नाही.

हिशेब : पुण्यातली ६० लाखांची दोन खोल्या-स्वयंपाकघराची सदनिका उदाहरणादाखल घेऊ. पुण्याच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (खरेदी स्त्रीच्या नावे असल्यास १ टक्का सवलत); नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. रंग, पंखे, कपाटे, किरकोळ दुरुस्ती यांना दीड लाख धरले तर घर ६६ लाखांना पडते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देते आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाही. म्हणजे कर्ज ४८ लाख आणि पदरचे १८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६५० रुपये बसतो.

भाडे १८ हजार धरू. वर्षाचे २ लाख १६ हजार झाले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, मालमत्ता कर १२ हजार, घर महिनाभर रिकामे राहिल्याचे १८ हजार आणि रंगरंगोटी-दलालीचे सरासरी १५ हजार वजा केले की हाती १ लाख ४१ हजार उरतात. ६६ लाखांवर हे उत्पन्न सव्वादोन टक्क्यांनाही पोहोचत नाही. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य विक्री कार्यालयात सर्रास ऐकू येते. इथे भाडे पूर्ण आले तरी दरमहा साडेतेवीस हजारांवर रक्कम खिशातून भरायची आहे, मेंटेनन्स आणि कर वेगळेच. कर्जावर घेतलेली सदनिका ही मुख्यतः किंमत वाढेल यावर लावलेली पैज असते, आणि हे उमगूनच तिच्यात उतरावे. नोकरी सुटली तरी वर्षभराचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रे : सदनिकेच्या भिंती डोळ्यांना दिसतात, मालकी ठरते कागदांवर. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र हे कागद आधी मागावेत. वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. जमिनीवर बोजा, दावा वा वारसांची तक्रार असल्यास त्यात कळते. जुनी सदनिका घेताना आधीच्या प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक २ यांची साखळी अखंड हवी. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मंजूर नकाशाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने दाखवली: पाचव्या मजल्याच्या वरची बांधकामे बेकायदा ठरली आणि २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, दोन-अडीच दशके तिथे नांदलेल्या कुटुंबांवर घरे सोडण्याची वेळ आली.

बांधकाम सुरू असलेला प्रकल्प : ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंद महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, करावी लागते. हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत असून त्याच्या संकेतस्थळावर ताब्याची कबूल केलेली तारीख, मंजुऱ्या आणि प्रकल्पावरचे दावे पाहता येतात. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. दर चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर विचारावा. जिना, लॉबी मिळवून सांगितलेला ‘सुपर बिल्टअप’चा आकडा राहायला मिळत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास १ टक्का). भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. तयार घर महाग वाटले तरी पहिल्या वेळी तेच घ्यावे. भाडे पहिल्या महिन्यापासून येते, आणि पाण्याचा टँकर रोज येतो का, हे रखवालदाराला विचारता येते.

सोसायटी : भाड्याने दिलेल्या घरावर संस्था ना-भोगवटा शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सदनिका विकली जाताना संस्था घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची महानगरपालिका हद्दीतली कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. याहून मोठी ‘देणगी’ मागणाऱ्या संस्था आढळतात. लेखी मागणी करायला सांगितले की बहुधा विषय मागे पडतो. एकटी स्त्री, विशिष्ट धर्म वा आहार यांवरून भाडेकरू नाकारण्याचा दबाव काही ठिकाणी येतो. तो मालकाने मानू नये.

कर : भाड्यातून मालमत्ता कर वजा जाऊन उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ५० लाख वा अधिक किमतीच्या खरेदीत खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळा व दर बराच जास्त आहे. परदेशस्थ नातेवाइकाचे घर घेताना ही चूक हमखास होते. घर २४ महिन्यांनंतर विकले तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही खुला आहे.

अभिहस्तांतरण : इमारत जुनी होत जाते तसे सदनिकेचे मोल तिच्या खालच्या जमिनीत साठत जाते. विकासकाने किंवा मूळ मालकाने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी सगळे अडते. त्यावर २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याचा, मार्ग कायद्यात आला आणि अनेक संस्थांनी तो वापरला. जुन्या इमारतीतली सदनिका पाहायला गेल्यावर मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे आहे, हे सचिवांना विचारावे आणि उत्तराची प्रत मागून घ्यावी.