जैववायूचे अर्थकारण (चौल परिसर)

शेण, खरकटे व ओला पालापाचोळा हवाबंद टाकीत कुजविल्यावर निघणाऱ्या, सुमारे ५५ ते ६० टक्के मिथेन असलेल्या ज्वलनशील वायूस जैववायू किंवा गोबरगॅस म्हणतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळविलेला असा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. घरगुती संयंत्रांना केंद्र शासनाचे अनुदान मात्र १९८१-८२ च्या राष्ट्रीय योजनेपासून व्यापक प्रमाणात मिळू लागले.

एक घनमीटर वायूसाठी सुमारे २५ किग्रॅ. ताजे शेण लागते व त्यातून साधारण ०.४३ किग्रॅ. सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता मिळते. म्हणजे चार-पाच जनावरांच्या गोठ्यावर चालणारे दोन घनमीटरचे संयंत्र महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर वाचविते. हा हिशेब कागदावर चोख असला, तरी अलिबाग तालुक्यातील चौलसारख्या नारळ-सुपारीच्या वाड्यांच्या गावात तो तसाच लागू पडत नाही. वाडीत मुबलक मिळणाऱ्या झावळ्या व नारळाची सोडणे यांतील लिग्निन, म्हणजे काष्ठमय घटक, जिवाणूंना सहजी पचत नाही, आणि तेच जळण बंबाखाली फुकट जळत असल्याने तेवढ्यापुरती रोख बचत शून्य ठरते. शेणही फुकटचे नव्हे, कारण भाताचा राब, म्हणजे रोपे तयार करण्याची जागा, भाजण्यासाठी आणि गोवऱ्यांसाठी त्याला मागणी असते. उरलेला वायू विकता येत नाही; मात्र टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीत नत्र बहुतांशी टिकून राहत असल्यामुळे वाडीला मिळणारे हे खत हिशेबात धरले, तरच गुंतवणुकीची परतफेड लवकर होते.