पडद्याच्या रंगपल्ल्यास आळा घालण्याच्या संगणकीय पद्धती

पडद्यावरील रंगांच्या नियमनाचा इतिहास सामान्यतः १९९३ पासून, म्हणजे आंतरराष्ट्रीय रंगसंघाच्या (आयसीसी) स्थापनेपासून सांगण्यात येतो. प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे मूलरंग प्रमाण ठरले. परंतु चित्रनलिका बनविणाऱ्यांनी लवकरच अधिक तेजस्वी, पण तोकड्या रंगपल्ल्याची द्रव्ये पत्करली. तेव्हा पडदा प्रमाणाहून अपुरा होता. आज तो प्रमाणाहून मोठा झाला आहे.

१९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेले एसआरजीबी प्रमाण तत्कालीन चित्रनलिकांवर बेतलेले होते. १९९९ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे विस्तृत रंगपल्ल्याचे मॉनिटर आले आणि एखाद्या लघुचित्राच्या छायाचित्रातील हिंगुळी लाल भडक दिसू लागला. अभ्यासकाने पाहिलेला रंग चित्रकाराचा की पडद्याचा, हा संशय येथे उद्भवतो.

उपायांपैकी सर्वांत सोपा, म्हणजे तीन मूलरंगांचे स्वतंत्र वक्र बदलणे, या कामी निरुपयोगीच होय. लाल वाहिनी कमी केल्याने लाल मंद होतो, सौम्य होत नाही. एसआरजीबीतील शुद्ध लाल अशा पडद्यावर उमटविण्यास त्यात किंचित हिरवा व निळा मिसळावाच लागतो. हे मिश्रण कोठे करावयाचे, हाच पद्धतींमधील खरा भेद आहे.

आयसीसी पद्धतीत ते प्रत्येक आज्ञावली पडद्याची वर्णनसंचिका वाचून स्वतः करते. अचूकतेत ती सरस. परंतु जी आज्ञावली ही संचिका वाचतच नाही, तिच्यापुढे ती हतबल ठरते. चित्रकार्डाच्या पातळीवरील नऊ अंकांचा सारणिक संपूर्ण पडद्यास एकाच वेळी लागू होतो. मात्र ते अंक मॉनिटरने स्वतःविषयी पुरविलेल्या माहितीतून घेतले असतील, तर निर्मात्यावर विसंबावे लागते. त्रिमितीय सारणी (३३ × ३३ × ३३ म्हटली तरी ३५,९३७ नोंदी) मूलरंगांची बेरीज न जुळणाऱ्या पडद्यासही सावरते. पण मापनयंत्रावाचून तिला अर्थ नाही. सुस्वभावी पडद्यास सारणिक पुरेसा आहे. सारणीचा अट्टाहास तेथे अनाठायी वाटतो.

दोन पद्धती एकत्र आल्या की नवाच दोष उपजतो. सारणिकाने पडदा आधीच आवळलेला असता वर्णनसंचिकेत मूळचा विस्तार तसाच राहिला, तर आज्ञावली तोच रंग पुन्हा आवळते आणि भडक लालाच्या जागी फिका लाल येतो. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीत, पात्र यंत्रांपुरते का होईना, हे रंगांतर खुद्द कार्यप्रणालीकडे सोपविण्याची सोय झाली.