मामाची आरएक्स १०० आणि पुराव्याची भानगड

सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाईड दहा वेळा सांगतात, ‘सोर्स तपासा.’ पण तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी दाखवत नाही. मला ते कळलं अकोल्यात, मामाच्या अंगणात, एका जुन्या मोटारसायकलपाशी.

आधी थोडा इतिहास. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं दुचाकी कंपन्यांना परदेशी तंत्रज्ञान घ्यायला मोकळीक दिली. दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या चार जपानी गाड्या रस्त्यावर आल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा, कावासाकी बजाज आणि एस्कॉर्ट्सनं नोव्हेंबर १९८५ मध्ये आणलेली यामाहा आरएक्स १००. यातली हिरो होंडा तेवढी फोर-स्ट्रोक. ती मायलेजवर विकली गेली, आरएक्स पिकअपवर.

हे पिकअप येतं कुठून? टू-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यात आरएक्सचं वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद ११ बीएचपी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डबल सीट चढायचा तर हा हिशेब कामाला येतो. पण याच रचनेत दोषही आहे. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा धूर बाहेर जायची वाट उघडीच असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. वर टू-टी तेलाचा निळा धूर. एप्रिल १९९६ पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० थांबली. मात्र ‘सरकारनं टू-स्ट्रोक बंद केल्या’ हे ऐकीव वाक्य प्रबंधात घालू नका. टू-स्ट्रोक आरएक्स १३५ त्यानंतरही काही वर्षं विकली जात होती.

आता या गाडीला कलेक्टर लोकांकडून मागणी आहे. (कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी नव्हे, जुन्या गाड्या जमवणारे.) गंमत म्हणजे कायद्यानं ती अजून ‘व्हिंटेज’ नाहीच. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे अगदी पहिली आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसत नाही. तरी सगळ्यात जास्त भाव ‘जपानी लॉट’ला. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून इथं जोडल्या, असं हे लोक सांगतात. त्यामुळे ज्याच्याकडे आरएक्स आहे, त्याची जपानीच असते.

मामाचीही होती. त्यानं ती सेकंडहँड घेतलेली. पुण्याचा एक गिऱ्हाईक बघायला येणार होता आणि मामा म्हणाला, ‘पंच्याऐंशीचं जपानी इंजिन हाय, कागदं पाहून घे तू.’

नंबर प्लेटवर एमएच-३०. ही पद्धत १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर आली, त्याआधीच्या नंबरांत तीन अक्षरं असत. मी लगेच निकाल दिला, गाडी पंच्याऐंशीची नाही. घाई केली. दुसऱ्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीलाही इथं नवा नंबर मिळतो. प्लेट सांगते ती इथल्या नोंदणीबद्दल, गाडी कधी बनली हे ती सांगत नाही. मग आरसी बुक काढलं. उत्पादनाचं वर्ष १९९२.

मामा गप्प. मग म्हणाला, ‘पण इंजिन तं ओरिजिनल हाय ना?’ इंजिन नंबर आरसीशी जुळवला, तंतोतंत जुळला. इथं मी थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो, कारण तो नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, वरच्या बोअरवर नाही.

योगायोगानं त्याच आठवड्यात मिस्त्रीनं कामासाठी हेड उघडलं. मी व्हर्नियर लावला. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलीमीटर आणि स्ट्रोकही ५०. सिलिंडरच्या घनफळाचं दहावीचं सूत्र लावा, ९८ सीसी येतात. माझं माप आलं ५८. त्याच सूत्रानं १३२ सीसी. म्हणजे बोअर आरएक्स १३५ चा, आधीच्या कुण्या मालकानं बसवलेला. मिस्त्रीला नवल वाटलं नाही, हा बदल बरेच जण करतात म्हणे.

इथं माझी अडचण झाली. कागद खरे होते, नंबर खरे होते. गिऱ्हाईकानं कागदच पाहिले असते तर निदान इंजिन तरी ओरिजिनल म्हणून विकलं गेलं असतं. मामाचं त्या पैशांवर बरंच काही ठरलेलं होतं. मी व्हर्नियरचं माप त्याला सांगितलं, पुढचं त्याच्यावर सोडलं.

तो बराच वेळ हेडकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘म्हंजे वीस वर्षं मी लोकायले जे जपानचं पिकअप सांगत होतो, ते या बोअरचं होतं काय रे?’

गिऱ्हाईक आला तेव्हा मामानं १९९२ ही सांगितलं आणि ५८ मिलीमीटरही. सौदा मोडला. गाडी अंगणातच आहे, आणि बोअर बदलायचा का, यावर घरात अजून एकमत नाही.