एका उड्डाणात दोन सूर्योदय

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया-ब्रिटन हवाई मार्ग मधोमध तुटला. तो सांधण्यासाठी १९४३ मध्ये क्वांटासने पर्थची स्वान नदी ते सिलोनमधील कोग्गला सरोवर अशी कॅटालिना विमानांची सेवा सुरू केली. ही विमाने पाण्यावर उतरणारी. धावपट्टीची गरजच नव्हती.

अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर, खाली केवळ हिंदी महासागर. वेळ २७ ते ३३ तास! अंतर तेच, तासांचा हिशेब मात्र वाऱ्याच्या हाती. इंधनाचाच भार एवढा की प्रवासी जेमतेम तीन आणि टपाल ६९ किलो.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ मूक ठेवत आणि दिशा ताऱ्यांवरून शोधत. पाचही विमानांची नावे ताऱ्यांचीच होती: व्हेगा, अल्टेअर, स्पायका, अँटारेस, रायजेल. पहिली चार म्हणजे आपले अभिजित, श्रवण, चित्रा आणि ज्येष्ठा.

वाटेत दोनदा सूर्योदय पाहणाऱ्या प्रवाशांना तसे प्रमाणपत्र मिळे. जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या, एकही विमान गमावले नाही. युद्धानंतर मात्र ती समुद्रात बुडवण्यात आली.