‘संशोधनातून सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजी शिकवण्यावरचा अभ्यास वाचताना विचारायचे ४ प्रश्न

स्पोकन इंग्लिशच्या क्लासची जाहिरात असो, शिक्षकांचं प्रशिक्षण असो की पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘या पद्धतीने मुलं लवकर इंग्रजी शिकतात, हे संशोधनातून सिद्ध झालंय.’ महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे अशा दाव्यांवर विश्वास ठेवून लाखो मुलांचा वेळ आणि पालकांचा पैसा खर्च होतो.

पण असा दावा तपासायचा कसा? भारतातलाच एक गाजलेला प्रयोग त्यासाठी उपयोगी पडतो.

काय होता बंगळुरू प्रकल्प?

ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये हा प्रयोग सुरू केला. तो १९८४ पर्यंत चालला. यात मुलांकडून व्याकरण आणि वाक्यरचना घोकून घेतल्या जात नव्हत्या. त्याऐवजी त्यांना इंग्रजीतून कामं दिली जायची. उदाहरणार्थ, रेल्वेचं वेळापत्रक पाहून प्रश्न सोडवणं किंवा नकाशावरून रस्ता शोधणं. लक्ष अर्थावर असलं की भाषा आपोआप रुजते, हा त्यामागचा विचार होता.

ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी चार शाळांमध्ये प्रकल्पाचे वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांची तुलना केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष एकंदरीत प्रकल्पाच्या बाजूने होता. मग पद्धत सिद्ध झाली का? इथेच प्रश्न विचारायला हवेत.

१. चाचणी कशाची घेतली?

वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे होते, तर कामावर आधारित चाचणीत प्रकल्पाचे वर्ग. म्हणजे जे शिकवलं, तेच मुलांना चांगलं आलं. हे होणार याचा अंदाज असल्याने संशोधकांनी श्रुतलेखनासारख्या, कोणत्याही एका पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्याही घेतल्या होत्या. त्यामुळे ‘इंग्रजी सुधारलं’ असं वाचलं की आधी पाहावं: बोलणं सुधारलं, वाचन की व्याकरणाचे गुण?

२. तुलना कोणाशी केली?

मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं नव्हतं. शाळेत आधीपासून असलेले वर्गच घेतले होते. त्यामुळे दोन्ही गटांतली मुलं सुरुवातीला सारखीच होती, याची खात्री देता येत नाही. काही अभ्यासांत तर तुलनेसाठी दुसरा गटच नसतो. तिथे झालेली प्रगती पद्धतीमुळे की नुसतं वय आणि सराव वाढल्यामुळे, हे कळत नाही.

३. शिकवत कोण होतं?

प्रकल्पाचे वर्ग बहुतेकदा अधिक तयारीचे आणि उत्साही शिक्षक घेत होते. मग श्रेय पद्धतीचं की शिक्षकांचं? बेरेटा यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत अंगवळणी पाडणं जड गेलं होतं.

४. आपल्या वर्गाशी साम्य किती?

अमेरिकेत स्थलांतरित मुलांच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडतं. गावातल्या मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी अनेकदा तासापुरतंच भेटतं. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

मग संशोधनावर विश्वास ठेवायचाच नाही का?

तसं नाही. बंगळुरू प्रकल्पामुळे ‘टास्क-बेस्ड’ शिक्षणाच्या विचाराला जगभर चालना मिळाली. मूल्यमापनातल्या उणिवाही संशोधकांनी लपवल्या नाहीत. चांगल्या शोधनिबंधात ‘मर्यादा’ सांगितलेल्या असतात, जाहिरातीत मात्र त्या गळून पडतात. म्हणून ‘सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं, तर फी भरण्याआधी किंवा वर्गातली पद्धत बदलण्याआधी एवढंच विचारावं: कोणत्या मुलांवर, कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या चाचणीत?