हेर तोच, पुरावा कोणता?



हेरकथा हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु ज्या गोष्टी लोक वर्षानुवर्षे घरात बसून पाहतात, त्यांतून न्यायाविषयीच्या त्यांच्या कल्पना घडत असतात. आणि न्याय हा विषय कामगाराला कधीच परका नसतो. म्हणून छोट्या पडद्यावरचे जुने गुप्तहेर नव्या वेषात परत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर काय आले आणि काय मागे राहिले, याचा थोडा इतिहास मी मांडणार आहे.

जुनी गोष्ट नव्याने सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्यावर इंग्रजी कथांची छाया होती. पण ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ मराठी बोलू लागले आणि वाचकाने त्यांना घरचे मानले. ज्यांच्या हाती शाळेचे पुस्तक फार दिवस राहिले नाही, अशा कित्येकांना वाचनाची गोडी या स्वस्त पुस्तकांनी लावली. त्यांची चेष्टा करणाऱ्या विद्वानांनी हे उपकार विसरू नयेत.

पुढे पुस्तकाची जागा पडद्याने घेतली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८५ साली पंकज पाराशर यांची ‘करमचंद’ ही मालिका आली. गाजर खात खात गुन्ह्याचा उलगडा करणारा पंकज कपूर यांचा हेर आणि सुष्मिता मुखर्जी यांची भाबडी किटी घराघरांत पोहोचली. २००६ साली हीच मालिका खासगी वाहिनीवर पुन्हा आली. करमचंद तोच होता, किटी मात्र सुचेता खन्ना झाल्या होत्या. पण पहिल्या वेळचा बहर काही आला नाही. १९८५ साली एका संचासमोर सारी आळी जमत असे. २००६ साली घरोघरी संच आणि संचागणिक ढीगभर वाहिन्या होत्या. गाजर परत आणता येते, एकत्र बसलेली आळी परत आणता येत नाही.

दुसरे उदाहरण ब्योमकेश बक्षीचे. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजच्या कामासाठी मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे हा बंगाली हेर निम्म्याने आपला शेजारीच! बासू चटर्जी यांनी १९९३ साली त्याला दूरदर्शनवर आणले. धोतर नेसलेले रजित कपूर शांतपणे ऐकतात, प्रश्न विचारतात, विचार करतात. स्वतःला हेर म्हणवून घेणे ब्योमकेशला रुचत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. २०१५ साली दिबाकर बॅनर्जी यांनी त्याला चित्रपटात १९४३ च्या, युद्धाच्या सावटाखालच्या कलकत्त्यात उभे केले. रक्तपात वाढला, वेग वाढला. तरीही २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुनी मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा लोकांनी ती संथ चाल आवडीने पाहिली.

आता ‘सीआयडी’कडे येऊ. बी. पी. सिंग यांची ही मालिका १९९८ साली सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. तिचे प्रमुख अधिकारी शिवाजी साटम हे एकेकाळचे बँक कर्मचारी. आपल्यातलाच एक नोकरदार घराघरांतला साहेब झाला याचे मला कौतुक आहे. या मालिकेत प्रयोगशाळाही आहे आणि थप्पडही आहे. परंतु लोकांच्या लक्षात काय राहिले? दयाने लाथेने तोडलेला दरवाजा आणि त्याची थप्पड. थप्पड बसली की आरोपी कबूल होतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

मित्रहो, कायदा मात्र टाळी वाजवीत नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने सांगितले. हा कायदा इंग्रजांनी केला, आणि तोही उदारपणाने नव्हे. मारून मिळवलेली कबुली भरवशाची नसते हे त्यांना कळले होते म्हणून. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. दीडशे वर्षे कायदा एक सांगतो आणि पडदा दुसरेच शिकवतो.

हे बदलता येत नाही काय? अमेरिकेतले उदाहरण पाहा. १९५७ ते १९६६ या काळातल्या ‘पेरी मेसन’ मालिकेत वकिलाच्या उलटतपासणीने खरा गुन्हेगार भर न्यायालयात कबुली देऊन टाकीत असे. २०२० साली ही मालिका नव्याने केली, तेव्हा तिने मंदीच्या काळातले, १९३२ चे लॉस एंजेलिस दाखवले. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात कोणी असे कबूल होत नसते, हे मेसनला तोंडावर ऐकवले. जुन्या कथेचा जुना खोटेपणा नव्या कथेने दुरुस्त केला. पुनर्निर्मितीचा खरा उपयोग तो हा.

याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने या प्रवराकाठी ऊस वाढवला. त्यामागून कारखाने, गोदामे, हमाल आणि पहारेकरी आले. कोठेही गोदामात चार पोती कमी भरली, की पहिला संशय कोणावर येतो? वजन लिहिणाऱ्यावर नाही, किल्ली बाळगणाऱ्यावर नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्यावर! अशा कित्येक खात्यांतर्गत चौकश्यांत मी कामगाराच्या बाजूने बसलो आहे. तेथे मारहाण नसते, पण कोऱ्या कागदावर घेतलेली सही असते, ‘कबूल कर, सोडून देऊ’ अशी गोडीगुलाबी असते. कामगाराला वाचवतात ते तीनच प्रश्न: आरोप लेखी आहे काय, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ दिली काय, आणि वजनाची वही कोठे आहे? हे प्रश्न ब्योमकेशचे आहेत, दयाचे नाहीत.

म्हणून उद्या एखादा जुना हेर नव्या रूपात पडद्यावर आला, तर त्याचे कपडे, मोटारी आणि यंत्रे जरूर पाहा, करमणूकही करून घ्या. फक्त एवढे विचारा, की याने सत्य शोधून काढले की वदवून घेतले? हा भेद ज्या घरातल्या मुलांना कळेल, त्या घरातला माणूस उद्या पंच म्हणून बसला किंवा आरोपी म्हणून उभा राहिला, तरी न्यायाचे नुकसान होणार नाही.