सुगंधी वनस्पतींची तेले : घटक, गुण आणि मर्यादा

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत मुखेड तालुका वसलेला आहे. बालाघाटच्या डोंगररांगांमुळे तालुक्यातील बरीचशी जमीन चढउताराची, उथळ आणि मुरमाड आहे. पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या अशा शेतीला सोयाबीन, कापूस, तूर यांच्या जोडीला आणखी कोणते पीक साथ देऊ शकेल, हा येथील जुना प्रश्न आहे. केंद्र शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये 'अरोमा मिशन' सुरू केल्यापासून या प्रश्नाच्या उत्तरांत सुगंधी वनस्पतींचेही नाव घेतले जाते. दुसरीकडे याच वनस्पतींची तेले सर्दीपासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधींवर उपाय म्हणून बाजारात विकली जातात. शेतकरी असो की ग्राहक, दोघांनाही एक मूलभूत गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. तेलाचा गुण वनस्पतीच्या नावावर ठरत नाही. तो तेलातील रासायनिक घटक आणि त्यांचे प्रमाण यांवर ठरतो.

बाष्पनशील तेल म्हणजे काय?

शेंगदाणा, करडई, जवस यांची तेले म्हणजे स्निग्धाम्लांची संयुगे होत. ती हवेत उडून जात नाहीत. सुगंधी वनस्पतींतील तेले मात्र बाष्पनशील असतात. गवती चहाच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर काही काळाने तो उडून जातो व तेलकट डाग राहत नाही. डाग कायम राहिला, तर त्यात खाद्यतेलाची भेसळ असण्याचा संभव असतो. ही प्राथमिक चाचणी कोणालाही करता येते. मात्र उडून जाणाऱ्या स्वस्त द्रव्याची भेसळ तिच्यामुळे उघडकीस येत नाही.

ही तेले पाने, फुले, फळे, साल किंवा कंद यांतील सूक्ष्म ग्रंथींत वा पेशींत साठलेली असतात. कीड आणि बुरशी यांपासून बचाव करणे, परागीभवनासाठी कीटकांना आकर्षून घेणे अशी कामे वनस्पती त्यांच्याकडून करून घेते. रासायनिक दृष्ट्या त्यांतील बहुतेक घटक टर्पीन वर्गातील असतात. पाच कार्बन अणूंचे आयसोप्रीन हे या वर्गाचे मूळ एकक होय. अशी दोन एकके जोडली गेली की दहा कार्बनांची मोनोटर्पीन संयुगे आणि तीन जोडली गेली की पंधरा कार्बनांची सेस्क्विटर्पीन संयुगे तयार होतात. लवंग, दालचिनी, बडीशेप यांच्या तेलांतील मुख्य घटक फिनिलप्रोपेन या वेगळ्या वर्गातील असतात.

एका तेलात कित्येक डझन, कधी शंभराहून अधिक घटक आढळतात. तथापि बहुधा दोन-तीन घटकांचेच प्रमाण मोठे असते आणि तेलाचा वास, उपयोग व किंमत प्रामुख्याने तेच ठरवतात.

रोशाची कथा

हे तत्त्व समजून घेण्यास महाराष्ट्रातील रोशा गवताइतके चांगले उदाहरण नाही. रोशा, रोहिष किंवा तिखाडी या नावांनी ओळखले जाणारे हे गवत उघड्या, कोरड्या डोंगरउतारांवर उगवते. त्याचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी असे आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेच्या काळात बालाघाटच्या उंच प्रदेशातून या गवताचे बी गोळा करणारे जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी हे नाव दिले. तो बालाघाट म्हणजे दक्षिणेतील घाटमाथ्याचा प्रदेश होय. मराठवाड्यातील डोंगररांगेशी त्याचे केवळ नामसाम्य आहे.

एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि निमाड भागात या गवताचे तेल गाळण्याचा मोठा उद्योग होता. ओढ्याकाठी भट्ट्या लावून तेल काढले जाई आणि मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे डिंकाच्या पाण्याची प्रक्रिया करून व उन्हात ठेवून त्याचा रंग आणि उग्रपणा कमी केला जात असे. नंतर ते गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळले जाई. या भेसळीमागे रसायनशास्त्रच होते. गुलाबाच्या अत्तरातील सुवासाचा एक प्रमुख घटक, जिरॅनिऑल, हाच रोशाच्या तेलाचा मुख्य घटक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी १८७१ मध्ये जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून आलेल्या गवताच्या तेलातूनच.

मात्र रोशाचे दोन प्रकार आहेत. त्यांना व्यापारात 'मोतिया' आणि 'सोफिया' म्हणतात. दिसायला ते इतके सारखे की अनुभवी माणसाचीही फसगत व्हावी. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारणतः ७० ते ८५ टक्के असते आणि त्याला गुलाबाची आठवण करून देणारा वास असतो. हेच व्यापारातील पामरोझा तेल होय. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल थोडे असते. लिमोनीन आणि इतर टर्पीन घटक अधिक असल्याने त्याचा वास उग्र असतो व त्याला भावही कमी मिळतो. म्हणजे शास्त्रीय नाव एकच असूनही माल वेगळा. बियाणे घेताना ही बाब दुर्लक्षिली, तर गवत जोमाने वाढूनही शेतकऱ्याच्या पदरी निराशा येऊ शकते. याच कारणासाठी लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतिया प्रकारातून तृष्णा, पीआरसी-१ यांसारखे निवडक वाण विकसित केले आहेत.

परिचित वनस्पती, अपरिचित घटक

गवती चहाच्या तेलात सिट्रालचे प्रमाण साधारणतः ७० ते ८५ टक्के असते. लिंबासारखा वास त्याचाच. 'अ' जीवनसत्त्वाच्या कृत्रिम निर्मितीसाठीही सिट्रालचा कच्चा माल म्हणून उपयोग होतो. ओव्याचा तिखट वास थायमॉल या फिनॉलमुळे येतो. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीस जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. जंतुनाशक आणि आतड्यातील अंकुशकृमींवरील औषध म्हणून त्याला मागणी होती.

नांदेड, हिंगोली व परभणी या जिल्ह्यांचे महत्त्वाचे पीक असलेल्या हळदीविषयी एक गैरसमज आढळतो. हळदीचा पिवळा रंग देणारे कुर्क्युमिन बाष्पनशील नसल्यामुळे वाफेने काढलेल्या तेलात ते उतरत नाही. त्या तेलातील मुख्य घटक टर्मेरोन वर्गातील असतात. म्हणूनच कुर्क्युमिनवरील संशोधनाचे निष्कर्ष हळदीच्या सुगंधी तेलास लावणे शास्त्रास धरून होत नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीबाबतही हाच भेद ध्यानात घ्यावा लागेल.

तुळशीच्या वेगवेगळ्या रोपांत युजेनॉल, मिथाईल युजेनॉल किंवा मिथाईल चॅव्हिकॉल यांपैकी वेगवेगळा घटक प्रधान असतो. एकाच जातीतील अशा भेदांना रसायनप्रकार म्हणतात. युजेनॉल हा लवंगेतील दंतवेदना शमविणारा घटक आहे. मिथाईल युजेनॉलकडे फळमाशीचे नर ओढले जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'रक्षक' सापळ्यात याच द्रव्याचा आमिष म्हणून उपयोग होतो. केवळ एका मिथाईल गटाच्या फरकाने एक द्रव्य दातदुखीवर उपयोगी पडते, तर दुसरे आंब्याच्या बागेत.

जैविक क्रिया कशी घडते?

जिवाणूच्या पेशीभोवती मेद आणि प्रथिने यांचे पातळ आवरण असते. तेलातील घटक पाण्यापेक्षा मेदात सहज विरघळत असल्यामुळे ते या आवरणात शिरतात. आवरण सैल होऊन पेशीतील पोटॅशियमसारखी आयने बाहेर पडू लागतात, ऊर्जानिर्मिती विस्कळीत होते आणि पेशी मरते. या बाबतीत थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, युजेनॉल ही फिनॉले सामान्यतः सर्वांत प्रभावी ठरतात. त्यांच्या खालोखाल सिट्रालसारखी आल्डिहाइडे व जिरॅनिऑलसारखी अल्कोहॉले येतात. लिमोनीनसारखी हायड्रोकार्बने बहुधा दुर्बळ असतात. ज्या जिवाणूंना आणखी एक बाह्य आवरण असते, म्हणजेच ज्यांना ग्रॅम-ऋण म्हणतात, ते या तेलांना अधिक दाद देत नाहीत.

कीटकांवर परिणाम निराळ्या मार्गाने, मुख्यतः मज्जासंस्थेद्वारे होतो. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलाल डासांना दूर ठेवतात, पण ही द्रव्ये लवकर उडून जात असल्याने परिणाम अल्पकाळच टिकतो. तूर, हरभरा यांच्या साठवणीतील भुंगेऱ्यांवरही अनेक तेलांची वाफ प्रयोगशाळेत परिणामकारक ठरली आहे. बंद डब्यात साधलेला हा परिणाम घरातील कणगीत वा गोदामात तसाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

औषधाबाबत तर अधिक सावधपणा हवा. काचेच्या बशीत जिवाणू मारणारे तेल रुग्णाच्या शरीरातही रोग बरा करते, असे मानणे चुकीचे आहे. बशीत वापरलेली तीव्रता रक्तात गाठणे बहुधा अशक्य असते आणि गाठली तर ती शरीराच्या पेशींनाही घातक ठरू शकते. कर्करोगाच्या पेशींवरील प्रयोगांच्या आधारे केलेल्या जाहिराती याच कसोटीवर पारखल्या पाहिजेत.

वेखंडाचा धडा

'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे, हे वेखंडावरून स्पष्ट होते. मराठी घरांत बाळगुटीत वेखंड असते आणि त्याची पूड बाळाच्या अंगालाही लावतात. वेखंडाच्या तेलातील बीटा-असॅरोन या घटकामुळे प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाच्या गाठी आढळल्या. अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाचा वापर करण्यास बंदी घातली. या घटकाचे प्रमाण वनस्पतीतील गुणसूत्रांच्या संचांवर अवलंबून असते. उत्तर अमेरिकेतील दोन संचांच्या वेखंडात तो जवळजवळ नसतो, युरोपातील तीन संचांच्या वेखंडात थोडा असतो, तर भारतात आढळणाऱ्या चार संचांच्या वेखंडाच्या तेलात तोच मुख्य घटक असतो. सहाणेवरचे एक-दोन वळसे आणि शुद्ध तेल यांत प्रमाणाचे अंतर फार मोठे आहे, हे खरे. परंतु वेखंडाचे तेल पोटात घेणे टाळावे आणि तान्ह्या बाळाला काही देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेच श्रेयस्कर.

कापूर आणि निलगिरी तेल यांबाबतही दक्षता हवी. लहान मुलाच्या पोटात यांचे थोडेसे प्रमाण गेले तरी झटके येऊ शकतात. ही तेले मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत व तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावू नयेत. कोणतेही शुद्ध सुगंधी तेल त्वचेवर थेट न लावता खोबरेल तेलात पातळ करून लावावे. सिट्राल व जिरॅनिऑल यांमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते.

शेतातून बाटलीपर्यंत

घटकांचे प्रमाण शेतातच ठरू लागते. रोशाच्या फुलोऱ्यात तेल अधिक असते. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेटचे प्रमाण जास्त असते. फुले पक्व होत जातात तसे त्याचे जिरॅनिऑलमध्ये रूपांतर होत जाते. त्यामुळे कापणी पूर्ण फुलोऱ्यानंतर, बी भरू लागताना करणे हितकारक ठरते. शंभर किलो ताज्या गवतापासून मिळणारे तेल अर्ध्या किलोच्या आसपासच असते. साहजिकच गवत दूरवर वाहून नेणे परवडत नाही. ऊर्ध्वपातन संयंत्र शेताजवळ असावे लागते आणि ते एकट्याने उभारण्यापेक्षा अनेकांनी मिळून उभारणे सोयीचे होते. लोखंडी भांड्यातील गंजामुळे तेलाचा रंग बिघडतो, म्हणून पोलादाचे न गंजणारे भांडे वापरतात. तेल गाळून, पाण्याचा अंश काढून, काठोकाठ भरलेल्या बंद भांड्यात सावलीत ठेवावे लागते. हवा आणि प्रकाश यांमुळे घटक बदलतात.

तेलाचा खरा कस वायू-वर्णलेखन या तंत्राने कळतो. एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून तेलाची वाफ पुढे ढकलली जाते. घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि त्यांचे प्रमाण आलेखावर उमटते. पामरोझा तेलासाठी आयएसओ ४७२७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खरेदीदार भाव ठरवतो तो अशा अहवालावरून. तोच अहवाल विकणाऱ्याच्या हाती नसेल, तर भाव ठरविण्याचा अधिकार आपोआप खरेदीदाराकडे जातो.

त्यामुळे मुखेडसारख्या कोरडवाहू भागात सुगंधी गवताचा विचार करताना वाणाची खात्री, जवळचे संयंत्र, तेलाची तपासणी आणि लागवडीपूर्वी निश्चित झालेला खरेदीदार या चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. ग्राहकानेही बाटलीवरील वनस्पतीच्या नावापाशी न थांबता शास्त्रीय नाव, प्रमुख घटक आणि त्यांची टक्केवारी विचारावी. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील रोशाचे तेल परदेशात गुलाबाच्या नावाने खपले, कारण अत्तर घेणाऱ्याकडे घटक तपासण्याचे साधन नव्हते. आज ते साधन उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करून घेणे शेतकरी आणि ग्राहक या दोघांच्याही हिताचे आहे.